रद्द झालेला प्रवेश आणि न्यायाची वाट

(भंडारदरा येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



ज्या जलाशयाच्या काठी हे शिबिर भरले आहे, त्याचे धरण 1926 साली पूर्ण झाले. त्याचे पाणी प्रवरेतून खाली गेले. खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, सहकारी साखर कारखाना आला, आणि 1984 साली लोणीला वैद्यकीय महाविद्यालयही निघाले. पाण्याच्या उगमाशी, अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात, महादेव कोळी आणि ठाकर राहतात. त्यांच्या मुलांना डॉक्टर होण्याची जी वाट आहे, ती मुख्यतः राज्यातील अनुसूचित जमातींच्या सात टक्के आरक्षणातून जाते. म्हणून येथील एखाद्या मुलीला वैद्यकीय महाविद्यालयातून काढून टाकले जाते, तेव्हा तो एका घराच्या दुर्दैवाचा प्रश्न राहत नाही.

अर्थशास्त्राच्या अंगाने याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. वैद्यकीय शिक्षणाचा मोठा भार सार्वजनिक तिजोरीवर पडतो. अभ्यासक्रमाच्या मध्येच रिकामी झालेली जागा नव्या विद्यार्थ्याने भरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली मधू सिंग खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे चुकीच्या आदेशाने एक विद्यार्थी बाहेर पडला, तर त्याची जागा दुसऱ्या आदिवासी विद्यार्थ्याला मिळत नाही. ती विरून जाते. खोट्या दाखल्यावर कोणी जागा बळकावली तर तीही आदिवासींच्याच पदरातून जाते. या दोन्ही अन्यायांचे ओझे एकाच समाजाच्या डोक्यावर आहे, आणि आपल्या भूमिकेला दोन्हींचे भान हवे.

काढून टाकण्याची कारणे साधारणतः तीन प्रकारची असतात: शिस्तभंग वा परीक्षेतील गैरप्रकार, अभ्यासक्रमाच्या अटी पूर्ण न होणे, आणि जमातीचा दाखला अवैध ठरणे.

पहिल्या प्रकारात मूळ तत्त्व जुने आहे. उत्तर प्रदेशच्या परीक्षा मंडळाने काही विद्यार्थ्यांचे निकाल त्यांचे म्हणणे न ऐकता रद्द केले होते. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई टिकू दिली नाही. मात्र याचा अर्थ महाविद्यालयाने फौजदारी खटला चालवावा असा होत नाही. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयाने मुलींच्या वसतिगृहात रात्री शिरल्याबद्दल काही विद्यार्थ्यांना दोन वर्षांसाठी काढले. तक्रारदार मुलींचे जबाब त्यांच्यासमोर घेतले नव्हते, तरीही 1973 साली न्यायालयाने ती कारवाई योग्य मानली. कारण आरोप कळवले होते, खुलासा घेतला होता, आणि मुलींना सूडापासून वाचवणे आवश्यक होते. आरोप कळणे आणि उत्तराची संधी मिळणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. साक्षीदारांची उलटतपासणी प्रत्येक वेळी मिळेलच असे नाही. दोषी मुलाला वाचवण्यासाठी कायद्याची वाट धरू नये, हेही या निकालावरून उमजते.

दुसऱ्या प्रकारात न्यायालये शैक्षणिक निर्णयात सहसा हात घालत नाहीत. तेथे नियम नेमका कोणता, तो सर्वांना सारखा लावला का, आणि हजेरीचा वा गुणांचा हिशेब बरोबर आहे का, एवढेच तपासावे.

या डोंगरांतील मुलांना सर्वांत जवळचा प्रकार तिसरा आहे. 2 सप्टेंबर 1994 रोजी माधुरी पाटील खटल्याचा निकाल लागला. तो वैद्यकीय प्रवेशातील महादेव कोळी जमातीच्या दाव्यातूनच उद्भवला होता. दावा टिकला नाही. पण दाखल्यांच्या तपासणीसाठी समिती आणि दक्षता पथक यांची पद्धत देशभर घालून दिली गेली. महाराष्ट्राचा यासंबंधीचा कायदा ऑक्टोबर 2001 मध्ये अमलात आला. त्यानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे, आणि समितीच्या निर्णयाविरुद्ध केवळ उच्च न्यायालयातच दाद मागता येते. नगर जिल्ह्यापुरते ते न्यायालय छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ होय. मजुरी करणाऱ्या बापाला ते अंतर किलोमीटरांपेक्षा बुडालेल्या रोजगारात मोजावे लागते.

समितीपुढे विद्यार्थ्याला देवदेवता, लग्नविधी, चालीरीती विचारल्या जातात. आश्रमशाळेत वाढलेला मुलगा अडखळला की त्याच्या जमातीबद्दल शंका घेतली जाते. या बाबतीत 24 मार्च 2023 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आपल्या कामाचा आहे. आदिवासी ठाकूर जमात स्वरक्षण समितीच्या त्या खटल्यात ही चाचणी निर्णायक कसोटी नव्हे, आणि संविधानपूर्व काळातील कागदांना अधिक वजन आहे, असे त्रिसदस्य पीठाने म्हटले. आजोबांच्या शाळेच्या नोंदवहीतील एक ओळ म्हणूनच मौल्यवान ठरते.

विलंबाविषयीही स्पष्ट असले पाहिजे. हलबा-कोष्टी खटल्यात 28 नोव्हेंबर 2000 रोजी घटनापीठाने दावा फेटाळला. तथापि 1985 च्या सुमारास मिळालेल्या वैद्यकीय प्रवेशावरची पदवी, लोटलेला काळ आणि झालेला सार्वजनिक खर्च पाहून, अबाधित ठेवली. 6 जुलै 2017 च्या निकालाने मात्र 2001 च्या कायद्यानंतर खोट्या दाव्याला अशी सवलत देता येणार नाही, असे ठरवले. खऱ्या दाव्याबाबत 2019 च्या कृष्णा श्रद्धा खटल्यात न्यायालयाने उलट दिशेने दार उघडले: स्वतःची चूक नसताना वैद्यकीय प्रवेश नाकारला गेलेला गुणवान विद्यार्थी तातडीने न्यायालयात आला, तर अपवादात्मक परिस्थितीत त्याला नंतरही प्रवेश देता येतो. न्यायालयाने तत्परतेवर भर दिला आहे, आणि आपली माणसे हरतात ती तेथेच.

पैशाअभावी तरी हरण्याचे कारण नाही. 1976 च्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद 39-क आणि 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा यांनी मोफत विधी सहाय्य हा हक्क केला. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला आणि प्रत्येक स्त्रीला, उत्पन्नाची अट न लावता, सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुका आणि जिल्हा पातळीवर त्यासाठी यंत्रणा आहे. उच्च न्यायालयातील प्रकरणांसाठी तेथील स्वतंत्र समिती आहे. हक्क कागदावर आहे, पण तो वापरायचा कसा हे आदिवासी घराला कोणी सांगत नाही.

ते सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. काढून टाकल्याचा आदेश लेखी घ्यावा. तोंडी निरोपावर मुलाने वसतिगृह सोडू नये. कारणे दाखवा नोटीस, दिलेला खुलासा आणि दक्षता पथकाचा अहवाल यांच्या प्रती मिळवाव्यात. 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या शाळेच्या, जन्ममृत्यूच्या आणि जमिनीच्या नोंदी शोधाव्यात. बाप, चुलता, आत्या यांपैकी कोणाला वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर ते जोडावे; रक्ताच्या नातेवाइकाच्या अशा प्रमाणपत्राला महत्त्व देणारा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2010 साली दिला आहे. मग विधी सेवा समितीकडे अर्ज करून, विद्यार्थ्याला वर्गात बसू देणारा अंतरिम आदेश पहिल्याच तारखेला मागावा.

आणि याची सुरुवात प्रवेश रद्द होण्याच्या कितीतरी आधी व्हावी. बारावीला गेलेल्या प्रत्येक आदिवासी मुलामुलीचे कागद आपल्या गावशाखेने या उन्हाळ्यात तपासावेत आणि वैधतेचे अर्ज भरून घ्यावेत. एवढे काम पदरात घेतले, तरी या तालुक्यातील काही मुले न्यायालयाची पायरी न चढता डॉक्टर होतील.