कौटुंबिक ट्रस्टचे विश्वस्त आणि कायद्याचें साहाय्य

एखादा गृहस्थ आपल्या पश्चात् पत्नीची व अज्ञान मुलांची सोय व्हावी म्हणून घर, रोखे व बँकेंतील ठेव यांचा ट्रस्ट करतो, आणि धाकटा भाऊ व एक जुना स्नेही यांस विश्वस्त नेमतो. दोघांची सचोटी सर्वांस ठाऊक असते. अशा वेळीं नाहीं म्हणणें बरें दिसत नाहीं. भिडेखातर होकार दिला जातो. त्या होकारानें काय पत्करलें, हें पुष्कळ विश्वस्तांस फार उशिरां, बहुधा पुतण्याच्या वकिलाची नोटीस हातीं पडल्यावर कळतें. होम करतां हात भाजणें म्हणतात तें हेंच. हात भाजूं नयेत यासाठीं कायद्यानें कांहीं सोयी करून ठेवल्या आहेत. त्यांची माहिती ज्या घरीं असा ट्रस्ट आहे त्या प्रत्येक घरीं असणें इष्ट आहे.

अशा खाजगी ट्रस्टला १८८२ चा भारतीय ट्रस्ट कायदा लागू आहे. देवालयें, धर्मशाळा, शिक्षणसंस्था अशा सार्वजनिक ट्रस्टांची गोष्ट निराळी. महाराष्ट्रांत त्यांच्यासाठीं १९५० चा स्वतंत्र कायदा असून त्यांची नोंदणी व देखरेख धर्मादाय आयुक्तांकडे असते. कौटुंबिक ट्रस्टचा विश्वस्त त्या दाराशीं गेला तर त्यास रिकाम्या हातीं परतावें लागतें. त्याचें दार म्हणजे दिवाणी न्यायालय.

विश्वस्ताचें काम एकदां पत्करल्यावर मनास येईल तेव्हां टाकतां येत नाहीं. त्यासाठीं न्यायालयाची परवानगी, सज्ञान लाभार्थ्यांची संमति किंवा ट्रस्टपत्रांत दिलेला तसा अधिकार लागतो. मेहनतान्याचा हक्कही आपोआप येत नाहीं. ट्रस्टपत्रांत तरतूद हवी, लाभार्थ्यांशीं करार हवा, नाहीं तर न्यायालयानें तसें ठरवावयास हवें. शिवाय दोघांपैकीं एकानें परस्पर निर्णय घेऊन दुसऱ्यानें नुसती सही करावी, ही घरोघरची रीत कायद्यास मान्य नाहीं. ट्रस्टपत्रांत निराळें सांगितलें नसेल तर सर्व विश्वस्तांनीं मिळूनच कारभार करावा लागतो.

मात्र कायदा विश्वस्ताकडून सर्वज्ञतेची अपेक्षा करीत नाहीं. साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या मिळकतीची जितकी काळजी घेईल, तितकी त्यानें घ्यावी, एवढेंच पंधराव्या कलमाचें म्हणणें आहे. कायद्यानेंच दिलेलें उदाहरण पाहावें. विश्वस्त कलकत्त्यास राहतो, लाभार्थी मुंबईस. विश्वस्त निःसंशय पतीच्या पेढीची, मुंबईस देय असलेली, विश्वस्त या नात्यानें स्वतःच्या नांवें काढलेली हुंडी पाठवितो. पुढें ती हुंडी नाकारली जाते. हें नुकसान त्यानें भरून द्यावयाचें नाहीं, कारण जी काळजी घ्यावयाची ती त्यानें घेतली होती. उलट, कर्तव्यांत कसूर झाली असेल तर ‘माझा हेतु चांगला होता’ एवढ्यावर सुटका होत नाहीं. इतकेंच नव्हे, एका गैरव्यवहारांतील तोटा दुसऱ्या गैरव्यवहारांतील नफ्यांतून वळता करून घेतां येत नाहीं.

म्हणून पहिलें साहाय्य ट्रस्टपत्रांतच शोधावें. तें वकिलापुढें ठेवून पहिल्याच महिन्यांत कलमवार समजून घ्यावें. कोणास काय द्यावयाचें, केव्हां द्यावयाचें, घर विकण्याचा अधिकार आहे कीं नाहीं, पैसा कोठें गुंतवावयाचा, हें सर्व तेथें असतें. जमीन जाहीर लिलावानें विकावी एवढाच अधिकार असतां ती खाजगी सौद्यानें विकतां येत नाहीं. गुंतवणुकीच्या बाबतींत पूर्वी कायद्यांतच रोख्यांची एक जुनी यादी होती. २०१६ च्या दुरुस्ति-कायद्यानें ती गेली. आतां ट्रस्टपत्रानें स्पष्टपणें परवानगी दिलेले अथवा केंद्र सरकारनें अधिसूचनेनें ठरविलेले रोखे पाहावे लागतात. वडिलांच्या वेळेपासून चालत आलें म्हणून तेंच बरोबर, असें मानून चालत नाहीं.

दुसरें साहाय्य तज्ज्ञांचें. येथें एक सूक्ष्म भेद आहे, आणि तो इंग्लंडांतील हाउस ऑफ लॉर्ड्सच्या दोन निकालांवरून चांगला उमगतो. १८८३ च्या स्पाइट विरुद्ध गाँट या खटल्यांत विश्वस्तानें नगरपालिकांचे रोखे घेण्यासाठीं सुमारें पंधरा हजार पौंड एका दलालाच्या हातीं दिले. दलालानें ते लांबविले. रोख्यांची खरेदी दलालामार्फतच होण्याची व्यापारी रीत असल्यामुळें विश्वस्त निर्दोष ठरला. चार वर्षांनीं लीरॉइड विरुद्ध व्हाइटली हा निकाल लागला. त्यांतील विश्वस्तांनीं ३००० पौंड एका वीटभट्टीच्या तारणावर कर्जाऊ दिले होते. किंमत ठरविणाऱ्या जाणत्या माणसांनीं तारण चांगलें असल्याचा अभिप्राय दिला होता. पण नुसत्या जमिनीची किंमत किती आणि इमारती व यंत्रें यांची किती, याचा उलगडा त्यांत नव्हता, आणि विश्वस्तांनीं तो विचारलाही नाहीं. धंदा बुडाला, तारण अपुरें पडलें आणि भरपाई विश्वस्तांवर आली.

दोन्हीं ठिकाणीं विश्वस्त प्रामाणिक होते. दोन्हीं ठिकाणीं त्यांनीं जाणत्या माणसावर विसंबून काम केलें. पण पहिल्यानें दुसऱ्याचे हात वापरले, तर दुसऱ्यांनीं स्वतः करावयाचा विचारच दुसऱ्यावर सोंपविला. भारतीय कायद्याचें सत्तेचाळिसावें कलम याच परंपरेंतलें आहे. व्यवहाराच्या रीतीनें किंवा गरजेपोटीं कामें दुसऱ्याकडून करवून घेतां येतात. एरव्हीं ट्रस्टपत्राच्या अगर सज्ञान लाभार्थ्याच्या संमतीवांचून विश्वस्ताचें कर्तव्य दुसऱ्यावर टाकतां येत नाहीं. वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा, तो लेखी घ्यावा, पूर्ण हकीकत सांगून घ्यावा, आणि न समजलेली गोष्ट पुन्हां विचारावी. निर्णय मात्र विश्वस्तांचाच असतो.

तिसरें आणि सर्वांत मोठें साहाय्य न्यायालयाचें; तेंच लोकांस सर्वांत कमी ठाऊक आहे. न्यायालय म्हटलें कीं भांडण, अशी आपल्याकडील समजूत. परंतु चौतिसाव्या कलमाप्रमाणें विश्वस्त कोणावरही दावा न लावतां, साध्या अर्जानें मुख्य दिवाणी न्यायालयाचा सल्ला मागूं शकतो. जिल्ह्यांत हें न्यायालय म्हणजे जिल्हा न्यायालय. घराची मोठी दुरुस्ती मुद्दलांतून करावी कीं भाड्याच्या उत्पन्नांतून, असा प्रश्न घ्यावा. उत्पन्नांतून केली तर आईच्या हातीं येणारी रक्कम घटते. मुद्दलांतून केली तर मुलांचा पुढचा वांटा घटतो. विश्वस्तानें दोघांकडे समदृष्टीनें पाहावें असा कायद्याचा दंडक असल्यामुळें तो कोणतीही बाजू घेवो, बोल त्यालाच लागतो. अशा वेळीं हितसंबंधी मंडळींस अर्जाची नक्कल देऊन न्यायालयापुढें जावें. सर्व हकीकत सचोटीनें मांडून, मिळालेल्या सल्ल्याप्रमाणें वागलेल्या विश्वस्तानें त्या बाबतींत आपलें कर्तव्य बजावलें असेंच मानलें जातें. फार गुंतागुंतीचे प्रश्न या मार्गानें सुटत नाहींत. त्यांस रीतसर दावाच लागतो.

कांहीं बाबतींत तर न्यायालयाकडे जाणें ऐच्छिक नसतें. अज्ञान मुलाच्या पोषणास व शिक्षणास ट्रस्टचें उत्पन्न विश्वस्त आपल्या विचारानें खर्चूं शकतो. उत्पन्न अपुरें पडून मुद्दलास हात लावावा लागला, तर या कायद्याखालीं न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ट्रस्टचें घर विश्वस्तास स्वतः घ्यावयाचें असेल, तर नियम अधिकच कडक आहेत. ज्याच्याकडे विक्रीचें काम सोंपविलें आहे, त्यानें तें घर स्वतःसाठीं घ्यावयाचेंच नाहीं. इतर विश्वस्तासही न्यायालयाच्या परवानगीवांचून तें विकत, गहाण किंवा भाड्यानें घेतां येत नाहीं. आणि त्यांत लाभार्थ्याचें हित उघड दिसल्यावांचून ती परवानगी मिळत नाहीं.

या सर्वांचा खर्च कोणी सोसावयाचा? ट्रस्टच्या कारभारासाठीं योग्य रीतीनें केलेला खर्च, वकिलाच्या फीसह, ट्रस्टच्या मिळकतींतून घेतां येतो. काटकसर म्हणून सल्लाच टाळणें हें ट्रस्टवर उपकार करणें नव्हे. मात्र स्वतःच्या कसुरीवर पांघरूण घालण्यासाठीं नेमलेल्या वकिलाची फी पदरचीच असावी.

शेवटची गोष्ट हिशेबाची. स्वच्छ हिशेब ठेवणें आणि लाभार्थ्यानें मागितल्यास वाजवी वेळीं ते दाखविणें हें कायद्यानें नेमून दिलेलें काम आहे. भावजयीनें हिशेब विचारला तर दिरास तो अविश्वास वाटतो, आणि दिरास वाईट वाटेल म्हणून भावजय विचारीत नाहीं. तो संकोच वर्षानुवर्षें सांठत जातो आणि मुलें सज्ञान झाल्यावर कज्जाच्या रूपानें बाहेर पडतो. दरवर्षीं न मागतां हिशेब पुढें ठेवणाऱ्या विश्वस्ताच्या घरीं नोटीस येण्याचें कारण सहसा उरत नाहीं. मृत माणसानें आपल्या माणसांवर टाकलेला विश्वास नुसत्या सद्भावनेवर टिकत नाहीं. त्यास कागदाचा आणि योग्य वेळीं विचारलेल्या प्रश्नाचा आधार लागतो.