‘ट्विस्ट’चा पीळ

इंग्रजींतील कठीण शब्दांसाठीं आपण कोश उघडतों. फसगत होते ती सोप्या शब्दांकडून. ‘ट्विस्ट’ हें क्रियापद त्यांपैकींच एक.

त्याचें नातें ‘टू’ म्हणजे दोन या शब्दाशीं आहे. ‘ट्विन’ म्हणजे जुळें आणि ‘ट्वाइन’ म्हणजे पेडांची सुतळी, हीं त्याचीं भावंडें. दोन पेड एकमेकांभोंवतीं वळले कीं दोर होतो. पण दोन म्हटले कीं दुफळीहि आली! याच कुळांतील डच ‘ट्विस्ट’ व जर्मन ‘त्स्विस्ट’ यांचा अर्थ भांडण असा आहे.

मराठींत यास एकच प्रतिशब्द शोधूं नये. आपण दोर वळतों, मिशीला पीळ देतों, हात पिरगळतों, बाटलीचें झाकण फिरवतों. इंग्रजींत या सर्वांस ‘ट्विस्ट’ चालतें. ओलें धोतर मात्र आपण पिळतों. पाणी काढण्याच्या या पिळण्यास इंग्रजींत ‘रिंग’ हें निराळें क्रियापद आहे. त्याचा उच्चार अंगठीच्या ‘रिंग’सारखाच, लिहितांना मात्र आरंभीं मुका ‘डब्ल्यू’ येतो.

कर्त्याकडेहि लक्ष हवें. घोटा दुखावलेला इंग्रज ‘मीं घोटा ट्विस्ट केला’ अशाच धर्तीवर बोलतो. आपण म्हणतों, ‘माझा पाय मुरगळला.’ ‘मीं पाय मुरगळला’ असें भाषांतर केल्यास त्यानें तें मुद्दाम केलें, असा ग्रह होईल.

सर्वांत जपावें तें शब्दांच्या ‘ट्विस्ट’ला. समजा, पाहुण्यानें मोकळ्या मनानें म्हटलें, ‘आज स्वयंपाक चांगला झाला आहे.’ तेंच वाक्य दुसऱ्यानें ‘आज’ या शब्दावर जोर देऊन घरधनिणीच्या कानीं घातलें, तर स्तुतीचा टोमणा होतो. शब्द एकहि बदलला नाहीं. अर्थाला मात्र पीळ बसला. अशा वेळीं पाहुणा ‘माझे शब्द ट्विस्ट केले’ अशी तक्रार करील. तिचें भाषांतर ‘माझे शब्द बदलले’ असें केलें, तर सांगणारा सहज उत्तर देईल, ‘मीं कोठें बदलले?’ आणि तो सुटेल. येथें ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला’ असेंच म्हटलें पाहिजे. भाषांतर ढिलें झालें कीं खरी तक्रारहि खोटी ठरते.

म्हणून हें क्रियापद भेटतांच दोन प्रश्न विचारावे: पीळ कशाला बसला, आणि तो कोणीं घातला कीं आपोआप पडला?