नकुसाचे नाव आणि नाव बदलण्याचा अधिकार



सकाळी शाळा भरते, गुरुजी हजेरीपट उघडतात आणि एकेक नाव पुकारू लागतात. त्या यादीत एखादे नाव 'नकुसा' असे असते. आपण घरात नको होतो, ही गोष्ट त्या मुलीला रोज सर्व वर्गासमक्ष 'हजर' म्हणून मान्य करावी लागते. नाव ही बाब वरवर पाहता क्षुल्लक वाटते. परंतु जन्मनोंदीपासून मृत्यूच्या दाखल्यापर्यंत माणसाची सोबत करणारी दुसरी वस्तू नाही. म्हणूनच नाव कोणी ठेवावे, ते बदलता येते काय, आणि बदलावयाचे झाल्यास मार्ग कोणता, या प्रश्नांचा विचार शिक्षक, अधिकारी आणि पंचायत सदस्य यांनी करणे अगत्याचे आहे.

महाराष्ट्रात चमत्कारिक नावे ठेवण्याची चाल जुनी आहे. मुले जगत नसलेल्या घरात पुढच्या मुलाचे नाव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवीत. दृष्ट लागू नये, मृत्यूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहू नये, हा त्यामागचा भाबडा हेतू असे. त्या ओबडधोबड नावाच्या पोटी माया होती. 'नकुसा' किंवा 'नकुशी' या नावाची गोष्ट निराळी आहे. मुलीपाठोपाठ मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव द्यावयाचे, म्हणजे तिच्या पाठीवर मुलगा होईल, अशी ही समजूत होती. येथे मूल जगावे म्हणून नाव ठेवले जात नव्हते, तर झालेले मूल नको होते हे सांगण्यासाठी ते ठेवले जात होते.

सातारा जिल्ह्यात या नावाच्या मुलींचा शोध घेण्यात आला आणि 22 ऑक्टोबर 2011 रोजी 285 मुलींचे नामांतर करण्याचा समारंभ झाला. नव्या नावाचे प्रमाणपत्र मुलींच्या हाती देण्यात आले. कोणी चित्रपटतारकेचे नाव घेतले, कोणी देवीचे, तर कोणी कणखरपणा सूचित करणारे. नावाची निवड मुलींच्या इच्छेने व्हावी, हे या उपक्रमाचे मर्म होय. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे 894 मुली आढळल्या. 2001 साली ही संख्या 913 होती. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा याच राज्याने 1988 साली, देशात सर्वप्रथम केला होता. तरीही आकडा घसरला. तेव्हा नुसते नाव बदलल्याने वृत्ती बदलते असे मानण्याचे कारण नाही. परंतु वृत्ती बदलेपर्यंत मुलीने ते नाव वागवीत राहावे, असेही म्हणता येणार नाही.

आता कायद्याकडे वळू. भारतात अमुक नाव ठेवावे व अमुक ठेवू नये अशी यादी कोणत्याही कायद्याने दिलेली नाही. आइसलंडसारख्या देशात नवी नावे तपासण्यासाठी समिती असते. न्यूझीलंडमध्ये 2008 साली एका नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या विचित्र नावाची इतकी लाज वाटे की, ते बदलता यावे म्हणून न्यायालयाने तिचे पालकत्व काही काळ स्वतःकडे घेतले. आपल्याकडे अशी चौकट नाही. नावाचे स्वातंत्र्य मात्र मान्य झालेले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रावरील नावासंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3 जून 2021 रोजी निर्णय दिला. आपल्या नावावर आपला ताबा असणे हा घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा त्या निर्णयाचा आशय आहे. म्हणून एखाद्या प्रौढ व्यक्तीने आडनाव गाळून आईचे नाव लावले, जातिवाचक आडनाव सोडले किंवा पूर्वी कोणी न ऐकलेले नाव धारण केले, तर ते कानाला चमत्कारिक वाटते एवढ्या कारणावरून त्या व्यक्तीची अडवणूक करणे योग्य नव्हे. विवाहानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे, असाही कायदा नाही. ती केवळ रूढी आहे.

नाव बदलण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धी. शासकीय मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे जुने नाव, नवे नाव आणि बदलाचे कारण नमूद करून, आवश्यक पुराव्यांसह अर्ज करावा लागतो. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालक अर्ज करतात. राजपत्राच्या दुसऱ्या भागात ही सूचना छापली जाते. तथापि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावयास हवी. सूचनेतील मजकुराच्या सत्यतेची जबाबदारी शासन घेत नाही, असे राजपत्रातच नमूद असते. म्हणजे राजपत्र ही जाहीर घोषणा आहे. तिच्या आधारे शाळा, बँक, शिधापत्रिका, मतदारयादी आणि आधार येथील नोंदी स्वतंत्रपणे बदलून घ्याव्या लागतात. एखादी नोंद तशीच राहिली तर एकाच माणसाची कागदोपत्री दोन माणसे होतात, आणि शिष्यवृत्ती किंवा वारसाची नोंद करण्याची वेळ आली म्हणजे त्याचा जाच होतो. नाव बदलले म्हणून जन्मतारीख, जात, कर्ज किंवा खटला बदलत नाही, हेही अर्जदारास आधीच समजावून सांगावे.

जन्मनोंदीचा मार्ग वेगळा आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाप्रमाणे नावाशिवायही जन्माची नोंद करता येते. नोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क दाखल करता येते, आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. याचा अर्थ असा की, नाव ठेवण्यासाठी घाई करण्याची कायद्याची सक्ती नाही. चुकीची नोंद दुरुस्त करण्याची तरतूद याच अधिनियमाच्या पंधराव्या कलमात आहे. अशा वेळी मूळ नोंद खोडली जात नाही, दुरुस्ती समासात लिहिली जाते. परंतु 'नकुसा' ही लेखनातील चूक नव्हे. ते नाव जाणूनबुजून लिहिलेले असते. म्हणूनच ते नोंदवहीत येण्यापूर्वीच थांबविणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून नोकरीपर्यंत जन्मतारीख व जन्मस्थळाचा आधार ठरविण्यात आला आहे. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची शासकीय नोंद बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने करावयाची आहे. पहिल्या नोंदीचे महत्त्व त्यामुळे अधिकच वाढले आहे.

या कामी प्रत्येकाचा वाटा आहे. गावातील जन्म-मृत्यू निबंधकाने नोंदवहीत नाव लिहिताना पालकांशी दोन शब्द बोलावेत. नाव नाकारण्याचा अधिकार त्याला नसेल, पण बारा महिन्यांची सवड आहे हे सांगण्याचा अधिकार निश्चित आहे. अंगणवाडी सेविकेला घरातील परिस्थिती ठाऊक असते. तिचा शब्द सासूच्याही कानी पडतो. शिक्षकांनी असे नाव हजेरीपटावर आढळल्यास मूल शाळेत असतानाच पालकांना बोलावून घ्यावे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील बदलास शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी घ्यावी लागते, आणि शाळा सोडल्याचा दाखला एकदा हाती पडला की हे काम कितीतरी अवघड होऊन बसते. पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबांना राजपत्राच्या अर्जासाठी मदत करावी. समारंभात दिलेले प्रमाणपत्र हे पहिले पाऊल होय. त्यानंतरच्या नोंदी बदलल्या नाहीत तर ते भिंतीवरच राहील.

शेवटी, नवे नाव निवडताना मुलीला विचारावे. ते गावाला अपरिचित वाटेल, उच्चारावयास अवघड जाईल, आजीला रुचणार नाही. चालेल. बालकास जन्मापासून नावाचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे सातवे कलम सांगते, आणि भारताने ती संहिता 1992 साली स्वीकारली आहे. उद्या वर्गात तिचे नवे नाव पुकारले जाईल, तेव्हा 'हजर' म्हणताना तिची मान खाली जाऊ नये, एवढीच या सर्व खटाटोपाची कसोटी होय.