आफ्रिकेच्या कुरणांतील रक्तशोषक कृमि



रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटाचे चार कप्पे असतात, हें आपण शाळेंत शिकलेले आहां. आफ्रिकेंतील मेंढ्या, बकऱ्या व गुरें, तशींच रानांतील इंपाला हरिणें व रानरेडे, यांच्या चौथ्या कप्प्यांत हीमाँकस नांवाचे कृमि राहतात. मेंढ्यांतील जातीस रुडोल्फीनें १८०३ सालीं नांव दिलें. तिची मादी दोन-तीन सेंटिमीटर लांब असते. रक्तानें भरलेल्या तांबड्या आंतड्याभोंवतीं पांढरीं अंडाशयें गुंडाळलेलीं असल्यामुळें ती लाल-पांढऱ्या पीळदार दोऱ्यासारखी दिसते.

एक कृमि दिवसाकाठीं घन सेंटिमीटरच्या विसाव्या भागाइतकें रक्त घेतो. हा हिशेब क्षुल्लक वाटेल. परंतु हजार कृमि असले, म्हणजे मेंढी रोज ५० घन सेंटिमीटर रक्तास मुकते. तिच्या पापण्या फिक्या पडतात, जबड्याखालीं पाणी सांचून सूज येते, आणि पुष्कळदां ती दगावते. इकडे एकेक मादी रोज हजारों अंडीं घालते. तीं लेंड्यांवाटे बाहेर पडतात. ऊब व ओल मिळाली, कीं आठवड्याभरांत अळ्या गवतावर चढतात व चाऱ्याबरोबर पुन्हां पोटांत जातात. हा जीवनक्रम दक्षिण आफ्रिकेंतील ऑंडरस्टेपूर्ट येथें व्हेग्लिया यानें अभ्यासून १९१५ सालीं प्रसिद्ध केला.

मोकळ्या रानांत कळप पुढें जातो, आणि मागें राहिलेल्या अळ्या उन्हानें व कोरडेपणानें मरतात. कुंपणांतील मेंढ्यांस मात्र त्याच गवतावर फिरून यावें लागतें. हरिणें व पाळीव जनावरें एका कुरणांत चरलीं, तर कांहीं जातींच्या कृमींची देवघेवहि होते.

यावर औषधें निघालीं. थायाबेंडाझोल १९६१ सालीं आलें; पण १९६४ सालींच त्यास दाद न देणारे कृमि आढळले. सबंध कळपास औषध पाजलें, कीं जे कृमि त्यांतून वांचतात त्यांचीच प्रजा वाढते. दक्षिण आफ्रिकेंत हें संकट फार बळावलें. तेव्हां मलान, बाथ व व्हान वाइक या पशुवैद्यांनीं पापणीच्या आंतील रंगाच्या पांच छटांचा तक्ता तयार केला. पापणी फिकी दिसेल त्याच मेंढीस औषध द्यावयाचें. बाकीच्यांच्या पोटांत औषधानें मरणारे कृमि शिल्लक राहतात, आणि निर्ढावलेल्यांचें प्राबल्य लवकर होत नाहीं.

रानरेड्यांचा अनुभवहि विचार करण्याजोगा आहे. क्रूगर राष्ट्रीय उद्यानांत इझेन्वा व जोल्स या विदुषींनीं कांहीं रानरेड्यांस कृमिनाशक औषध दिलें. त्यांचा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. औषधानें क्षयाची लागण टळली नाहीं. क्षयानें होणारे मृत्यु मात्र पुष्कळ कमी झाले. परंतु रोगी जनावर अधिक काळ जगल्यानें क्षय कळपांत अधिक पसरण्याचा संभव वाढला. एकाचें हित तें सर्वांचें हित, असें येथें म्हणतां येत नाहीं.

आपल्या दख्खनी मेंढ्यांतहि हा कृमि आढळतो. म्हणून औषधाची बाटली उघडण्यापूर्वीं मेंढीची पापणी उघडून पाहावी, एवढें तरी आफ्रिकेच्या मेंढपाळांकडून आपण शिकावें.