दोरीपलीकडचा नमस्कार



वसईच्या वाडीत वाढलेला ख्रिस्ती मुलगा संस्कृतकडे कसा वळला, हे मला आयुष्यभर विचारलं गेलं. त्याचं उत्तर आज देतो.

डिसेंबर १९६४. मुंबईत अडतिसावी जागतिक युखरिस्त परिषद भरली होती आणि तिच्यासाठी पोप सहावे पॉल आले होते. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. मी दहा वर्षांचा. वडील मला पहाटेच्या गाडीने ओव्हल मैदानाकडे घेऊन गेले. हातात आमच्याच वाडीतल्या शेवंतीचा हार. तो द्यायला मिळेल, अशी त्यांची भोळी आशा होती. गर्दीत सगळ्या धर्मांची माणसं होती. आमच्या शेजारी नऊवारीतल्या एक आजी सकाळपासून उभ्या होत्या.

उघडी मोटार हळूहळू आली. वडील गुडघे टेकणार होते, पण तेवढी जागाच नव्हती. त्यांनी हार माझ्याकडे दिला आणि हात जोडले. पोपमहोदयांनी आमच्या दिशेला पाहिलं आणि हात जोडले. गाडी पुढे गेली. आमची भेट एवढीच. हार माझ्याच हातात राहिला. वडिलांनी तो त्या आजींना दिला.

खरी गोष्ट पुढे आहे. इतर धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना पोपनी बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना म्हटल्याचं वडिलांनी वर्तमानपत्रात वाचलं. असत्यातून सत्याकडे, अंधारातून प्रकाशाकडे नेण्याची ती प्रार्थना. वडील अस्वस्थ झाले. रोमहून आलेल्या माणसाला जे ठाऊक, ते आपल्या शेजारच्या घरातलं असून आपल्याला ठाऊक नाही! त्याच संध्याकाळी ते मला घेऊन शेजारच्या मास्तरांच्या ओटीवर गेले. मास्तरांनी पोथी काढली, शब्द फोडून सांगितले. ते मला पुन्हा पुन्हा म्हणायला लावत होते आणि वडील मान खाली घालून ऐकत होते. माझा पहिला संस्कृतचा पाठ तो.

त्याच दौऱ्यात पोपनी पत्रकारांमार्फत जगाला आवाहन केलं होतं, की शस्त्रांवरच्या खर्चाचा काही भाग बाजूला काढून गरीब देशांसाठी जागतिक निधी उभारा. १९६७ च्या आपल्या परिपत्रकात त्यांनी मुंबईचा उल्लेख करून तीच मागणी पुन्हा मांडली. तुमच्यातले जे अर्थशास्त्र शिकलेत, त्यांनी ते परिपत्रक जरूर वाचावं. ती मागणी अजून तशीच उभी आहे, आणि मला त्याची खंत वाटते.

१४ ऑक्टोबर २०१८ ला पोप सहावे पॉल यांना संतपद मिळालं. वडील तेव्हा नव्हते, मास्तरही नव्हते. मी सकाळी मिस्साला गेलो, मग मास्तरांच्या घरी. त्यांच्या सुनेने तीच पोथी बाहेर आणली. त्या ओळीखाली मास्तरांची पेन्सिलीची रेघ अजून दिसत होती. आम्ही दोघांनी ती ओटीवर बसून मोठ्याने वाचली.