जेवणघरातल्या सहा खुर्च्या

आपल्या मराठी माणसाच्या मनात जेवण आणि पाट यांचे नाते फार जुने आहे. पान मांडले, पाट ठेवला, शेजारी पाण्याचे तांब्याभांडे आले, की जेवणघर तयार झाले. दुसऱ्या कोणत्याही सामानाची त्याला गरज नव्हती. खुर्ची मात्र आपल्याकडे परक्या घरातून आली. शब्द अरबी, आणि त्याला आजही कचेरीचा वास आहे. खुर्ची मिळाली, खुर्ची गेली, अमुक मनुष्य खुर्चीला चिकटून बसला, असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे लाकूड येत नाही, अधिकार येतो. अशी ही अधिकाराची वस्तू आपण जेवणघरात आणून ठेवली खरी. परंतु तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले आहे का, असा प्रश्न मला अलीकडे पडला. तो का पडला आणि त्याचे उत्तर शोधताना मजकडून काय काय घडले, हे आज आपल्याला सांगावयाचे आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी जयपुरात राहतो. राजस्थानातही जेवणाची जुनी पद्धत भुईवर बसण्याचीच. फक्त आपण ज्याला चौरंग म्हणू तो बाजोट तेथे माणसाखाली न जाता त्याच्या पुढ्यात येतो आणि त्यावर थाळी ठेवतात. आमच्या घरी मात्र मेज होते आणि त्याभोवती शिशमाच्या लाकडाच्या सहा खुर्च्या होत्या. मी त्या जुन्याच विकत घेतल्या होत्या. त्यांपैकी पाच साध्या होत्या आणि एकीला हात होते. ती मेजाच्या टोकाशी असे आणि तिच्यावर मी बसत असे.

माझी आई साताऱ्याहून आमच्याकडे राहावयास आली, ती गुडघे दुखू लागल्यावर. पाटावर बसणे तिला अशक्य झाले होते. पहिले काही आठवडे ती आमच्याबरोबर मेजावर जेवली. नंतर एके दिवशी म्हणाली, "सूनबाई, माझे ताट खोलीतच दे. तुम्ही सावकाश जेवा." आम्ही ते ऐकले. वृद्ध माणसाला एकांत आवडतो, अशी सोयीची समजूत आम्ही करून घेतली. पुढे सणाच्या दिवशी ती पुन्हा मेजावर आली आणि जेवण झाल्यावर उठू लागली, तेव्हा मी प्रथमच नीट पाहिले. तिने मेजाची कड दोन्ही हातांनी धरली, मेज हलले, आमटीची वाटी कलंडली, आणि दुसऱ्या प्रयत्नाला ती उभी राहिली. मग पदराने मेज पुसू लागली. एकांत तिला आवडत नव्हता. आमच्या खुर्चीवरून तिला उठता येत नव्हते, एवढेच.

त्या रात्री मी मोजपट्टी घेऊन बसलो. जेवणाच्या मेजाची उंची साधारणपणे ३० इंच असते आणि खुर्चीच्या बैठकीची १८ इंच. मधले १२ इंच हे हातांना आणि मांड्यांना लागणारे अंतर होय. आमच्या खुर्चीवर कोणी बसले की बैठक १५ इंचांवर येत असे. तीन इंच ही गोष्ट तरुण माणसाच्या ध्यानातही येत नाही. पण बैठक खाली गेली की गुडघे कमरेपेक्षा वर येतात, आणि मग उठताना शरीराचा सगळा भार दुखऱ्या गुडघ्यांवरच पडतो. आईला जेवणघरातून बाहेर घालवणारे ते तीन इंच होते.

गाद्या बसवणाऱ्या एका कारागिराला मी विचारले. त्याने नम्रपणे दिवाळीनंतरचा वायदा केला. तेव्हा एक तरी खुर्ची आपणच उघडून पाहावी असे मी ठरवले. हातोडी, पक्कड आणि पेचकस एवढीच माझी शस्त्रे. खुर्ची उलटी केली, तर बैठक खालून चार स्क्रूंनी धरलेली दिसली. ते काढताच बैठकीची चौकट ताटासारखी हातात आली. मला वाटले होते त्याहून हे काम सोपे होते, आणि ज्यांच्या घरी अशा खुर्च्या आहेत त्यांनी धीर धरावा म्हणून मी हे मुद्दाम सांगतो.

पुढचे काम मात्र चिकाटीचे. कापड चौकटीला ज्या बारीक खिळ्यांनी ठोकलेले असते, त्यांना मराठीत चुका म्हणतात. सरकारी नोकरीत दुसऱ्याच्या चुका काढण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. परंतु एका बैठकीतून शंभरावर चुका काढण्याचा हा पहिलाच प्रसंग. वरचे तपकिरी रेक्झीन निघाले, तर त्याखाली फुलाफुलांचे कापड. ते काढले, तर त्याखाली पट्ट्यापट्ट्यांचे. खुर्चीच्या प्रत्येक मालकाने आधीचे न काढता त्यावर आपले चढवले होते. जुन्या परिपत्रकावर नवे परिपत्रक लावून फाईल जाड करण्याची आमची पद्धत सुतारकामातही चालते, हे पाहून मला थोडे समाधान आणि बरीच लाज वाटली. कापडांखाली फोम होता. त्याचा हाताला पिवळा भुगा लागला. हा पदार्थ ज्या रसायनापासून होतो ते पॉलियुरेथेन जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली शोधले. हलके, स्वस्त, कापायला सोपे, म्हणून ते जगभर खुर्च्यांत शिरले. पण त्याची बारीक छिद्रे वर्षानुवर्षांच्या दाबाने आणि उष्णतेने मोडतात, आणि मग तो दबतो तो पुन्हा वर येत नाही. सगळ्यांच्या तळाशी मात्र नवारीच्या पट्ट्या होत्या, त्यांवर गोणपाट, आणि गोणपाटावर काथ्या. पहिल्या कारागिराचे ते काम दोन-तीन पट्ट्या सोडल्यास अजून शाबूत होते.

आता माझी चूक सांगतो. मी बाजारातून तीन इंच जाडीचा मऊ फोम आणला, त्यावर कापूस पसरला आणि कापड ठोकले. खुर्ची टम्म फुगलेल्या पुरीसारखी दिसू लागली. मुलांनी वाहवा केली. आई तिच्यावर बसली, हळूहळू खाली गेली आणि म्हणाली, "छान झाली आहे हो." दुसऱ्या दिवशी तिने ताट खोलीतच मागवले.

मी काही बोललो नाही. संध्याकाळी पुन्हा चुका काढत बसलो असता तीच जवळ आली. "अरे," ती म्हणाली, "नुसते भरून बैठक होत नाही. चिंध्या पसरल्या म्हणजे गोधडी होते का? टाका पडला म्हणजे होते."

श्रोतेहो, हे वाक्य मी कोणत्याही ग्रंथात वाचले नव्हते. पण या धंद्याचे मर्म तेच आहे, हे पुढे मला कळले. बैठकीत काय भरले याला जितके महत्त्व, तितकेच ते जागेवर कसे धरून ठेवले याला. बसणाऱ्याचा भार भरताडाला बाजूला ढकलत असतो. टाका त्याला अडवतो. म्हणून जुने कारागीर काथ्या किंवा घोड्याचे केस गोणपाटाला आरपार शिवून टाकीत. आमच्या घराघरांतल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या घड्यांवर धावदोरा घालीत, तोही याच कारणाने. जयपूरची रजई प्रसिद्ध आहे ती हलकेपणासाठी; पिंजलेला कापूस तिच्यात इतका विरळ असतो की ती पांघरावी. आपली गोधडी अंथरता येते, तिच्यावर बसताही येते. मी खुर्चीत रजई भरली होती. हवी होती गोधडी.

मग काम नव्याने सुरू झाले. तुटलेल्या पट्ट्यांच्या जागी नवी नवार आणली आणि ती उभी-आडवी, एकीखालून एक विणून, खाटेसारखी ताणून ठोकली. तिच्यावर नवे गोणपाट. काथ्या मात्र जुनाच. तो पिंजून, उन्हात घालून, पुन्हा पसरला. त्याला टाके आईने घातले. दाभण आणि सुतळी घेऊन ती खाटेवर बसे, चौकट मांडीवर धरी, आणि मी पलीकडून दाभण ओढून तिला परत देई. काथ्यावर एक इंच घट्ट फोम, त्यावर कापसाचा पातळ थर आणि सर्वांवर मांजरपाट. मांजरपाट विसरू नये. ताण तो सोसतो, म्हणून वरचे कापड टिकते.

वरच्या कापडासाठी मला लांब जावे लागले नाही. जयपूरच्या दक्षिणेला सांगानेर आणि अजमेरच्या रस्त्यावर, सुमारे ३० किलोमीटरांवर, बगरू. दोन्ही गावे छीपा लोकांच्या ठसेकामासाठी नावाजलेली. सांगानेरची नाजूक फुले पांढऱ्या जमिनीवर उमलतात. मोठी सुंदर, पण आमटीच्या घरात ती किती दिवस पांढरी राहणार? बगरूची जमीन मातकट किंवा निळीची गर्द असते. तेथे कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. आपल्या सह्याद्रीत ज्याला आपण औषध म्हणून ओळखतो तोच हा हिरडा. मग गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात कुजवून केलेले द्रावण ठशाने उमटवले, की हिरड्याशी मिळून ते काळे होते; तुरटीच्या ठशावर लाल रंग धरतो. जेथे निळीचा रंग नको तेथे चिखल, चुना आणि डिंक यांचा दाबू नावाचा लेप लावतात. मी निळीचे जाड कापड घेतले. ते प्रथम धुऊन वाळवले, कारण न धुतलेले सुती कापड नंतर आटते. हळदीच्या डागाविषयी एक गोष्ट गृहिणींना ठाऊकच आहे: साबण लागताच तो लाल होतो, आणि उन्हात उडतो. जयपुरात उन्हाला तोटा नाही.

कापड ताणताना एक नियम पाळावा. प्रथम चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक ठोकावी, समोरासमोर. मग मध्यापासून कोपऱ्यांकडे सरकावे. कोपरे अगदी शेवटी. मी आधी कोपऱ्यांकडून सुरुवात केली होती, आणि बुट्टे तिरके झाले होते. चुका अर्ध्याच ठोकाव्यात, सगळे सरळ दिसल्यावर पुऱ्या. आजकाल स्टेपल मारण्याचे यंत्र मिळते; त्याने काम लवकर होते, पण अर्धी ठोकून पाहण्याची मुभा ते देत नाही. नवशिक्याला ही मुभा मोलाची असते.

खुर्च्या झाल्या, तेव्हा भिंत खुपू लागली. जयपूर शहर १७२७ साली वसले आणि १८७६ साली इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीच्या वेळी गुलाबी झाले, हे सर्वश्रुत आहे. तेथल्या हवेल्यांत आराईश नावाचा गिलावा आढळतो. मुरवलेला चुना आणि संगमरवराची पूड यांचे थर देऊन, अकीकाच्या दगडाने घोटून, शेवटी नारळाने चोळून तो आरशासारखा करतात. त्याचा मोह मला झाला. पण ते जन्मभराचे कसब आहे. सुटीच्या दिवशी हौसेने करावयाचे काम नव्हे. आपल्या हाताची मर्यादा ओळखणे हाही या उद्योगातला एक धडा होय. मी जुना रंग खरवडला, भिंत ओली केली आणि गेरू मिसळलेल्या चुन्याचे पातळ तीन हात दिले. मेजाच्या वर दिवा टांगून घेतला. ते काम मात्र वीजतंत्र्याचे. आता उजेड ताटात पडतो, आणि आईला भातातला खडा दिसतो.

सहाही खुर्च्या मेजाभोवती मांडल्या त्या दिवशी मी मोजपट्टी पुन्हा काढली. बसल्यावर बैठक बरोबर १८ इंचांवर राहत होती. आई एका साध्या खुर्चीवर बसली, जेवली, आणि उठताना तिने नकळत दोन्ही हात बाजूंना नेले. तेथे धरायला काही नव्हते. हात हवेत थांबले आणि मेजाच्या कडेकडे वळले.

माझे लक्ष माझ्या हातांकडे गेले. ते माझ्या खुर्चीच्या हातांवर आरामात टेकलेले होते. तीन आठवडे मी चुका काढीत होतो. फोमच्या काढल्या, कापडाच्या काढल्या, माझ्या आधीच्या मालकांच्या काढल्या. घरात हात असलेली खुर्ची एकच आहे आणि तिची गरज नसलेला मनुष्य तिच्यावर बसला आहे, ही चूक काढायला पक्कड लागली नसती. ती पहिल्याच दिवशी निघाली असती.

खुर्ची सोडणे कठीण, असे आपण म्हणतो. माझा अनुभव असा, की ती सोडायला अर्धे मिनिट लागते. ध्यानात यायलाच काय तो वेळ लागतो. दुसऱ्या दिवसापासून आई मेजाच्या टोकाशी बसते. वाढताना तिला सगळ्यांची ताटे दिसतात, आणि कोणी भाजी टाकली तर तेही दिसते. आमची जेवणे आता पूर्वीपेक्षा लांबतात. मी तिच्या डाव्या हाताला, साध्या खुर्चीवर बसतो. तिच्यावरचा बुट्टा थोडा तिरका आहे. ती मी प्रथम केलेली खुर्ची होय. ती पुन्हा उघडून सरळ करावी असे मनात येते. आई म्हणते, "राहू दे. बैठक घट्ट आहे ना?"