महायात्रेची शिदोरी

(महोत्सवी वर्षांत धर्मग्रामांतील वयोवृद्धांच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या आनंदाच्या दिवसांत मीं मरणाचा विषय काढावा, हें कित्येकांस रुचणार नाहीं. परंतु ज्या देवळाचा उत्सव आपण साजरा करीत आहों, त्याच देवळांत जपमाळ म्हणतांना आपण पवित्र मरियामातेकडे आपल्या मरणाच्या घटकेसाठीं त्रेपन्न वेळां मागणें मागतों. जी गोष्ट रोज त्रेपन्न वेळां ओठांवर येते, तिजविषयीं वर्षांतून एकदां मोकळेपणीं बोलल्यानें सणाला बाध येत नाहीं.

पूर्वीं आपल्या गांवांत म्हातारें माणूस अंथरुणास खिळलें, म्हणजे धर्मगुरूस बोलावणें जाई. आजारी माणूस पापनिवेदन करी, ख्रिस्तप्रसाद घेई, मुलांच्या डोक्यावर हात ठेवी, बांधावरून भांडलेल्या भावाला हांक मारून त्याची क्षमा मागे. शेजारीपाजारी ओटीवर बसून जप म्हणत. त्या काळीं वेदना शमविण्यास पुरेसें औषध नसे, हेंही खरें. तेव्हां जुनें तें सर्व सोनें होतें, असें मी म्हणत नाहीं.

आतां मला बोलावणें येतें तें बहुधा मध्यरात्रीं, आणि तें इस्पितळाच्या अतिदक्षता विभागांतून. नातेवाईक कांचेबाहेर उभे असतात. आंत नव्वदीची आजी निजलेली असते. घशांत श्वासाची नळी, नाकांत दुसरी, आणि नळ्या ओढूं नयेत म्हणून कित्येकदां हात खाटेस बांधलेले. गुंगीच्या औषधामुळें तिला मी आल्याचें कळत नाहीं. मी तिच्या कपाळास व हातांस पवित्र तेल लावतों, पापक्षमेची प्रार्थना म्हणतों. देवाची कृपा यंत्रांनीं अडत नाहीं, हा आपला विश्वास आहे. परंतु ज्या शेवटल्या ख्रिस्तप्रसादास ख्रिस्तसभा महायात्रेची शिदोरी म्हणते, ती शिदोरी माझ्या हातांत असते आणि प्रवाशाचें तोंड नळीनें बंद असतें. आयुष्यभर पहिला शुक्रवार न चुकविलेल्या माणसास शेवटीं प्रसादाविना जावें लागतें. मुलांशीं बोलावयाचे चार शब्दही राहून जातात.

यंत्रांची निंदा करण्यासाठीं मी उभा नाहीं. अपघातांत सांपडलेला तरुण, सर्पदंश झालेला शेतकरी, न्युमोनियानें श्वास कोंडलेली बाळंतीण, ह्यांस तेंच व्हेंटिलेटर पुन्हां घरीं आणतें. पण ज्या देहांत कर्करोग सर्वत्र पसरला आहे, त्याला तें जीवन देत नाहीं. मरण तेवढें लांबवितें. हृदय थांबल्यावर छाती दाबून तें पुन्हां चालू करण्याचा प्रयत्न करतात, त्यांत म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या पुष्कळदां मोडतात. हें नातेवाईकांस आधीं कोणी सांगत नाहीं, आणि ते विचारीत नाहींत.

आपल्या लोकांत अशी समजूत आहे कीं, श्वास चालू ठेवण्याचा प्रत्येक उपाय करणें हा ख्रिस्ती धर्माचा हुकूम आहे. असा हुकूम ख्रिस्तसभेनें कधींही दिलेला नाहीं. सोळाव्या शतकांत सालामांका येथील विद्यापीठांत फ्रान्सिस्को दे व्हितोरिया नांवाचे डॉमिनिकन पंडित शिकवीत असत. त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, वैद्यानें कोंबडी व तित्तर खाल्ल्यास आणखी वीस वर्षें जगाल असें सांगितलें, तरी तें महागडें अन्न घेण्याचें बंधन मनुष्यावर नाहीं. सर्वसामान्य लोक खातात तें अन्न त्यानें खावें, म्हणजे त्याचें कर्तव्य झालें. त्या काळच्या धर्मपंडितांचें दुसरें उदाहरण पाय कापण्याचें होतें. भुलीशिवाय होणारी ती शस्त्रक्रिया इतकी भयंकर असे कीं, ती नाकारणारा पापी नव्हे, असें ते म्हणत. पुढें १८४६ मध्यें बॉस्टन येथें ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया झाली, आणि त्या उदाहरणाचा अर्थच पालटला. ह्यावरून दिसेल कीं, अमुक यंत्र बंधनकारक व अमुक ऐच्छिक अशी यादी ख्रिस्तसभेनें केलेली नाहीं. तो उपाय ह्या माणसास, ह्या वयांत, किती लाभ देतो आणि किती भार घालतो, हें ती पाहते. आठवड्यांतून तीन वेळां चार-चार तास डायालिसिस घेऊन एखादे आजोबा पुन्हां आपल्या केळीच्या बागेंत हिंडतील. दुसरे पंचाऐंशी वर्षांचे आजोबा तो सोसवत नाहीं म्हणून नको म्हणतील. दोघेही देवाच्या इच्छेंतच आहेत.

पोप महाशय बारावे पायस ह्यांनीं २४ नोव्हेंबर १९५७ रोजीं भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढें हेंच सांगितलें. १९८० च्या रोमच्या घोषणापत्रांत आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथांत तीच शिकवण आहे. पोप महाशय दुसरे जॉन पॉल ह्यांचें तर आचरणच आपण पाहिलें. २४ फेब्रुवारी २००५ रोजीं त्यांनीं इस्पितळांत गळ्यास छिद्र करवून घेतलें, कारण त्याचा उपयोग होता. ३१ मार्चला प्रकृति ढासळली, तेव्हां मात्र त्यांस पुन्हां इस्पितळांत नेलें नाहीं. आपल्या खोलींत त्यांनीं महायात्रेची शिदोरी घेतली आणि २ एप्रिलला प्राण ठेवला.

परंतु ज्यांचा वडिलांपेक्षां वडिलांच्या वाडीवर अधिक डोळा आहे, त्यांनीं माझें भाषण अर्धेंच ऐकूं नये. आईचें मांडीचें हाड मोडलें, तर ऐंशीव्या वर्षींही शस्त्रक्रिया करावी, कारण न केल्यास ती वेदनेंत कुजेल. बरा होणारा न्युमोनिया बरा करावा. मोतीबिंदु काढावा. अन्नपाणी हें औषध नव्हे. नळीनें द्यावें लागलें तरी, देह तें स्वीकारीत आहे व त्यापासून पोषण होत आहे तोंवर, तत्त्वतः तें दिलेंच पाहिजे, असें रोमनें २००७ मध्यें स्पष्ट केलें आहे. मरण्यासाठीं सुई देणें ही हत्या आहे. तिला दया म्हटल्यानें ती दया होत नाहीं.

उपचार थांबले म्हणजे सेवा थांबली, असेंही नाहीं; खरी सेवा तेव्हांच सुरू होते. मॉर्फिनचें नांव काढतांच घरचे लोक दचकतात. पण वेदना शमविण्यासाठीं योग्य मात्रेंत दिलेलें औषध, त्यानें आयुष्य कदाचित् थोडें कमी झालें तरी, निषिद्ध नाहीं, हेंही बाराव्या पायस ह्यांनीं १९५७ मध्येंच सांगून ठेविलें आहे. आपल्या देशांत १९८५ च्या कायद्यामुळें हें औषध मिळणें फार कठीण झालें होतें. २०१४ च्या दुरुस्तीनें ती वाट कांहींशी मोकळी झाली. वांद्र्यास १९८६ मध्यें शांति आवेदना सदन उघडलें, तें भारतांतील अशा प्रकारचें पहिलें सेवागृह. ज्यांचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेला, त्यांची तेथें शुश्रूषा होते.

मग मुलें "सर्व कांहीं करा" असें कां म्हणतात? प्रेमानें म्हणतात, भीतीनेंही म्हणतात. आखातांतला किंवा कॅनडांतला मुलगा दूरध्वनीवरून म्हणतो, कारण तो जवळ नाहीं आणि तें त्याला बोंचत असतें. लोक काय म्हणतील, हा धाक तर गांवांत सर्वांसच आहे. ह्या ओझ्यांतून त्यांस तुम्हीं, आईबापांनींच, सोडवावयाचें आहे. धड बोलतां येत आहे, तोंवर सर्व मुलांस एकत्र बसवून सांगा: मला बरें करणारा उपाय करा, दुखणें कमी करणारा करा, नुसते दिवस मोजणारा करूं नका. डॉक्टरांना विचारावयाचा प्रश्नही मुलांस शिकवून ठेवा: ह्या उपायानें आई घरीं येऊन पुन्हां आपल्या हातानें जेवेल काय?

हें लिहूनही ठेवितां येतें. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं अशा इच्छापत्रास मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्यें त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, व तें नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यावें. तुमच्या वतीनें कोणी बोलावयाचें, त्याचें नांव त्यांत घालावें. न्यायालयानें जो शब्द वापरला आहे, त्यांत मारणें आणि मरूं देणें ह्यांची थोडी सरमिसळ होते, म्हणून आपल्या लोकांनीं अन्नपाण्याविषयींचा मजकूर विचारून लिहावा. त्यासाठीं मी बसावयास तयार आहें.

आणखी एक. धर्मगुरु घरीं आला म्हणजे यमदूत आला, ही भीति टाका. आजाऱ्यांचा अभ्यंग केवळ शेवटल्या श्वासासाठीं नाहीं, असें व्हॅटिकन धर्मसभेनें १९६३ मध्येंच सांगितलें. इस्पितळांत जाण्यापूर्वीं, शस्त्रक्रियेच्या आदल्या सायंकाळीं, माणूस शुद्धीवर असतांना मला बोलवा. पहिल्या शुक्रवारीं मी आजाऱ्यांसाठीं प्रसाद घेऊन घरोघर येतोंच; त्या दिवशीं मुलांपैकीं एक जण तरी घरीं थांबवून ठेवा, म्हणजे कागद पुढें घेऊन तिघांस बोलतां येईल.